काकांच्या तीन लेन्स आणि नवी बॉडी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सांगली-मिरज परिसरातल्या या वाचक नोकरी सांभाळून बारशी, डोहाळजेवणं, साखरपुडे आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो काढतात. पावसाळा सरत आला की कासला फुलांसाठी जातात. मिरजेतल्या सतारमेकर मंडळींच्या कामाचे फोटोही सवडीनं जमवत आहेत. त्यांच्याकडे निकॉनचा डी५३०० कॅमेरा आहे, त्यासोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ३५ एमएम एफ १.८ जी, अशा दोन लेन्स आहेत. त्यांच्या काकांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. नजर साथ देईना म्हणून काकांनी काम थांबवलं आणि आपल्या तीन निकॉन लेन्स पुतणीला दिल्या: ५० एमएम एफ १.८ डी, ६० एमएम एफ २.८ डी मायक्रो आणि ८०-२०० एमएम एफ २.८ डी. तिन्ही डी५३०० वर बसतात, पण ऑटोफोकस होत नाही. मध्येच ‘एफ ई ई’ अशी अक्षरं लुकलुकतात आणि शटर दबत नाही. हॉलमधल्या फोटोंत दाणे (कमी उजेडात दिसणारे बारीक ठिपके) येतात. स्नेहसंमेलनात स्टेजवरचं काही जवळून मिळत नाही. बजेट ८० हजारांचं. समोर तीन पर्याय आहेत: सेकंडहँड डी७२००, सेकंडहँड फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर असलेला) डी७५०, किंवा नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) झेड५०, जो जुन्या लेन्स जोडायचा अ‍ॅडॅप्टर धरून थोडा बजेटबाहेर जातो. भाऊ म्हणतो, डीएसएलआरचे (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे) दिवस गेले, सगळं विकून मिररलेस घे. काका म्हणतात, बॉडी येते-जाते, लेन्स जप. पार्ट्या (काम देणारी मंडळी) रील मागतात, पण ते काम भाऊ मोबाइलवर करतो. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, “लेन्स आहेतच, तर त्यांना चालेल अशी बॉडी घेणंच शहाणपणाचं ना? मग कुठली?”

ताई,

आधी त्या ‘एफ ई ई’चं पाहू. पत्रात तुम्ही ते ओझरतं लिहिलंय, पण त्यामुळे लेन्समध्येच काही बिघाड आहे अशी शंका तुमच्या मनात बसलेली दिसते. बिघाड नाही. ५० ची लेन्स हातात घ्या. बॉडीकडच्या टोकाला एक रिंग आहे, तिच्यावर १.८, २.८, ४ असे आकडे आहेत आणि शेवटचा २२ नारिंगी रंगात आहे. रिंग फिरवून तो २२ खुणेसमोर आणा आणि शेजारचं बारीकसं लॉक सरकवून टाका. फिल्म कॅमेऱ्यांच्या काळात अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्समधलं भोक (आकडा लहान तितकं ते मोठं), या रिंगवरून ठरायचं. आताची बॉडी ते स्वतःच्या डायलवरून ठरवते आणि त्यासाठी तिला रिंग शेवटच्या आकड्यावर लागते. नसेल, तर ती ‘एफ ई ई’ दाखवते आणि शटर अडवून धरते. ८०-२०० वर हा आकडा २२ च आहे, ६० मायक्रोवर ३२. पिशवीत ठेवता-काढताना रिंग फिरते, म्हणून तुम्हाला हे मधूनमधूनच दिसतं. लॉक केलं की विषय संपला.

ऑटोफोकस न होण्याचं कारण वेगळं आहे, आणि तुमचा सगळा प्रश्न तिथेच अडकलाय, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते तो जोड, १९५९ पासून आहे. त्यामुळे कितीतरी दशकांच्या लेन्स आजच्या निकॉन डीएसएलआरवर खटकन बसतात. पण लेन्स बसली म्हणजे सगळं चालू झालं, असं नसतं. काकांच्या तिन्ही लेन्स ‘डी’ प्रकारच्या आहेत. त्यांच्यात फोकसची मोटर नाही. मोटर बॉडीत असते आणि माउंटच्या कडेला असलेला एक छोटा स्क्रूसारखा दांडा लेन्सच्या मागच्या खाचेत बसून आतली काच पुढे-मागे फिरवतो. तुमच्या डी५३०० ची लेन्स काढून माउंट पाहा, तो दांडा तिथे नाहीच. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या बॉड्यांमध्ये मोटर दिलेलीच नाही. डी७२००, डी७५०० आणि डी७५० मध्ये आहे. तुमची १८-५५ आणि ३५ ‘जी’ यांच्यात स्वतःची मोटर आहे, म्हणून त्यांना बॉडीतली मोटर लागत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या मुख्य गृहीतकाकडे येते. ‘लेन्स आहेतच’ असं तुम्ही लिहिलंय, जणू तिन्ही मिळून एकच गोष्ट आहे. मला तसं वाटत नाही. एकेक लेन्स वेगळी धरून विचारा: हिला नव्या बॉडीची गरज खरंच आहे का?

६० मायक्रोला नाही. ही लेन्स वस्तूचा आकार सेन्सरवर जसाच्या तसा, एकास एक उतरवते, आणि इतक्या जवळून ऑटोफोकस वापरणारे तसेही कमीच. वाऱ्यानं फूल जरा हललं की फोकस पाकळीवरून देठावर जातो. अनुभवी माणसं फोकस हातानं एकदा ठरवतात आणि मग कॅमेराच केसभर पुढे-मागे करतात. तुमच्या डी५३०० चा स्क्रीन बाहेर येऊन फिरतो, आणि कासला हे फार उपयोगाचं आहे. तिथे फुलांत उतरायचं नसतं, वाटेच्या कडेला बसूनच काम करायचं. कॅमेरा जमिनीलगत धरा, स्क्रीन वर वळवा, लाइव्ह व्ह्यूमध्ये भिंगाचं बटण दाबून चित्र मोठं करा आणि रिंग फिरवत पुंकेसर धारदार दिसेपर्यंत न्या. हे सगळं आजच्या आज, तुमच्याकडे आहे त्यावर होतं. सतारमेकरांकडेही तेच. तंबोऱ्याचा भोपळा रंगवताना किंवा घोडीवर जवारी काढताना कारागीर मिनिटन्‌मिनिटं एका जागी बसलेला असतो. त्याच्या बोटांवर हातानं फोकस करायला पुरेसा वेळ मिळतो.

५० ची गरज आहे, पण त्यासाठी बॉडी बदलायची गरज नाही. निकॉनची मोटर असलेली ५० एमएम एफ १.८ जी सेकंडहँड बाजारात सहज मिळते आणि बॉडीच्या मानानं अगदी थोड्या पैशांत. ती तुमच्या डी५३०० वर ऑटोफोकस करेल. काकांची ५० मन लावून वापरायची असेल, तर व्ह्यूफाइंडरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका बघायची सवय लावा. तुम्ही हातानं फोकस करताना निवडलेल्या बिंदूवर फोकस आला की तो ठिपका स्थिर होतो. बसलेल्या माणसाच्या पोर्ट्रेटला ते पुरतं. पळणाऱ्या पोराला पुरत नाही.

राहिली ८०-२००. मोटर नसलेल्या बॉडीवर खऱ्या अर्थानं वाया जाते ती हीच. स्टेजवर मुलं लेझीम खेळताहेत, दिवे बदलताहेत, तुम्ही हॉलच्या मधोमध उभ्या आहात आणि एफ २.८ ला फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातलं धारदार दिसतं ती, अगदी थोडी. अशा वेळी हातानं फोकस करून दहातले दोन फोटो हाती लागले तरी नशीब. म्हणजे तुमचा प्रश्न तीन लेन्सचा नाही. ८०-२०० तुमच्या कामाला किती लागते, एवढाच आहे. ती लागत असेल तर मोटरवाली बॉडी घ्यायला अर्थ आहे. लागत नसेल, तर ‘लेन्स आहेत म्हणून’ बॉडी घेणं म्हणजे कपाटात पडलेल्या वस्तूसाठी ८० हजार मोजणं.

बॉडीवर बोलण्याआधी हॉलमधल्या दाण्यांचंही बोलू, कारण नवी बॉडी आली की ते जातील अशी तुमची अपेक्षा दिसते. डी५३०० आणि डी७२०० या दोन्ही बॉड्यांचा सेन्सर एकाच आकाराचा, २४.२ मेगापिक्सेलचा आहे. त्याच लेन्सनं, त्याच उजेडात काढलेले दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर दाण्यांत फरक शोधावा लागेल. फुल फ्रेमचा सेन्सर क्षेत्रफळानं सव्वादोन पटींहून थोडा मोठा आहे, तेव्हा डी७५० वर फरक दिसेल, आणि चांगला दिसेल. पण लेन्सचा हिशेब करून बघा. १८-५५ पूर्ण झूम केली की तिचं अपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. तुमची ३५ एफ १.८ पर्यंत उघडते. दोन्हींत उजेडाचा फरक जवळजवळ दहापट. ज्या हॉलमध्ये ५.६ ला आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता, ती वाढवली की दाणे वाढतात) ६४०० लागतो, तिथे १.८ ला साडेसहाशेच्या आसपास भागतं. इतका फरक तुमच्या यादीतली कुठलीच बॉडी देणार नाही, आणि ती लेन्स तुमच्या पिशवीत आधीपासून आहे. पत्रात ३५ चा उल्लेख एकाच ओळीत आलाय, म्हणून विचारते: ती कार्यक्रमात लावता, की झूमच्या सोयीसाठी १८-५५ च कायम असते? मोठ्या ग्रुपला एफ १.८ ठेवू नका, मागची रांग सुटेल, तिथे २.८ किंवा ४ वर या. ओटी भरताना, औक्षण करताना, एका-दोघांच्या चेहऱ्यासाठी १.८-२ वर बिनधास्त काम करा. छत पांढरं आणि फार उंच नसेल तर फिरत्या डोक्याचा फ्लॅश वर छताकडे मारा. घरगुती कार्यक्रमांत इतका मऊ उजेड दुसऱ्या कशानं इतक्या स्वस्तात मिळत नाही.

८०-२०० किती लागेल, हे कळायला दोन गोष्टी करा.

एक, गेल्या वर्षभरात पार्टीला दिलेले किंवा स्वतःसाठी निवडून ठेवलेले फोटो काँप्युटरवर उघडा. काढलेले सगळे नकोत, निवडलेलेच. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ, म्हणजे तो फोटो किती एमएमवर काढला तो आकडा, नोंदलेली असते. बहुतेक फोटो १८ ते ३५ मध्ये असतील तर तुमचं काम खोलीतलं, जवळचं आहे. ५५ वर ढिगानं फोटो असतील, आणि त्यातले बरेच नंतर कापून मोठे केलेले असतील, तर तुम्हाला लांबची लेन्स हवी होती आणि ती नव्हती. या मोजणीत एक खोट आहे, ती लक्षात ठेवा: जी लेन्स तुम्हाला वापरताच आली नाही, तिचे फोटो यादीत कुठून येणार? म्हणून दुसरी गोष्ट करा.

सांगली-मिरजेत जुन्या फोटोग्राफर मंडळींकडे डी९० किंवा डी७००० सारख्या बॉड्या कपाटात पडून असतात. डी९० आला २००८ मध्ये, आज त्याचा भाव कोणी विचारत नाही, पण मोटर त्यात आहे. काकांच्या ओळखीनं एखादी दोन-चार दिवस मागून आणा. तिच्यावर ८०-२०० लावून एखाद्या शाळेच्या कार्यक्रमाच्या सरावाला जा. फोटो किती स्वच्छ येतात याकडे फार बघू नका, तो सेन्सर जुना आहे. पाहायचं हे, की लेन्स फोकस पकडते का, त्या अंतरावरून तुम्हाला हवी ती चौकट मिळते का, आणि हात दुखतो का. या लेन्सचं वजन एकटीचंच सव्वा किलोच्या वर आहे, बॉडीसकट दोन किलो. तिच्यात हात हलण्यावर उपाय करणारी यंत्रणा नाही, म्हणून २०० वर शटरचा वेग निदान १/३०० सेकंदाच्या वर ठेवायला हवा. नाचणाऱ्या मुलांना तो तसाही लागतोच. तासाभरानं खांदा काय सांगतो ते ऐका. काही जणींना हे वजन मुळीच जाचत नाही, काही जणी दुसऱ्यांदा ती लेन्स पिशवीतच घालत नाहीत. एका संध्याकाळी हे कळून जाईल.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल.

डी७५० चा मोह मला समजतो. २०१४ चा असला तरी कमी उजेडात तो आजही सुरेख काम करतो, आणि काकांच्या लेन्स मुळात फिल्मच्या, म्हणजे याच आकाराच्या चौकटीसाठी बनलेल्या. पण तुमच्या स्वतःच्या दोन लेन्स, १८-५५ आणि ३५, लहान सेन्सरसाठी आहेत. त्या लावल्या की डी७५० आपली चौकट आपोआप कापून घेतो आणि २४ मधले जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात. ८ बाय १२ च्या प्रिंटला तेवढेही पुरतात, हे खरं. पण मग फुल फ्रेमचे पैसे कशासाठी मोजले? पूर्ण चौकट वापरायची तर तुमची सर्वांत रुंद लेन्स ५० ची. दहा बाय बाराच्या खोलीत डोहाळजेवण आहे, पाच सुवासिनी ओटी भरायला बसल्यात, पाठ भिंतीला लागलीय आणि तुमच्या हातात ५०. अर्ध्या बायका चौकटीबाहेर. म्हणजे डी७५० सोबत फुल फ्रेमची एक रुंद लेन्स लगेच घ्यावी लागेल आणि ती स्वस्त येत नाही. दुकानदार सांगतो तो बॉडीचा भाव, या लेन्सचा त्यात नसतो. शिवाय स्टेजसाठी ८०-२०० त्यावर २०० चीच राहते. डी७२०० वर लहान सेन्सरमुळे तीच ३०० इतकी जवळ आणते.

झेड५० बद्दल तुमचा भाऊ निम्मा बरोबर आहे. निकॉननं २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, नव्या लेन्स सगळ्या झेड माउंटच्या येतात. मिररलेस डोळा ओळखून फोकस धरतो, फोटो उजळ येणार की काळा हे दाबण्याआधी दाखवतो, आणि व्हिडिओत डीएसएलआर त्याच्या जवळही येत नाही. पण निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरमध्ये तो फिरता दांडा नाही. मोटर असलेल्या लेन्स त्यावर उत्तम चालतात; काकांच्या तिन्ही हातानंच फोकस कराव्या लागतील. म्हणजे डी५३०० वर जी अडचण आहे, तीच ८० हजारांहून जास्त खर्चून पुन्हा दारात. हातानं फोकस करणं मात्र तिथे सोपं आहे, कारण व्ह्यूफाइंडरमध्येच चित्र मोठं करता येतं आणि फोकसमधल्या कडा रंगीत दिसतात. फुलं आणि सतारमेकर हेच तुमचं मुख्य काम असतं, तर मी हे आनंदानं सुचवलं असतं. दुकानात बहुधा “मॅडम, सगळ्या लेन्स चालतात, अ‍ॅडॅप्टर आहे ना” असं सांगतील. ‘चालतात’ म्हणजे ऑटोफोकससकट का, हे एकेका लेन्सचं नाव घेऊन विचारा आणि शक्य असेल तर तिथेच लावून पाहा.

डी७२०० हा तिघांतला सर्वांत कमी चमकदार पर्याय. पाचही लेन्स त्यावर पुऱ्या चौकटीत, ऑटोफोकससह चालतात, ही गोष्ट इतर दोघांवर शक्य नाही. कार्डाचे स्लॉट दोन आहेत. पैसे घेऊन काम करणाऱ्यासाठी मी हे फार मोठं मानते, कारण कार्ड बिघडलं तर बारसं पुन्हा करता येत नाही. व्ह्यूफाइंडर मोठा आणि उजळ आहे, शटर आणि अपर्चरला वेगळे डायल आहेत, आणि जुन्या लेन्सचा फोकस जरा पुढे-मागे पडत असेल तर तो लेन्सनिहाय दुरुस्त करायची सोय मेनूत आहे. डी५३०० मध्ये ती नाही. उणिवाही सांगते. स्क्रीन फिरत नाही. दाण्यांत फरक पडणार नाही, ते वर आलंच. व्हिडिओसाठी घेऊ नका, आणि बॉडीतल्या मोटरवर फिरणाऱ्या जुन्या लेन्सचा घरघर आवाज तर रेकॉर्डिंगमध्ये सरळ येतो. फिरता स्क्रीन हवाच असेल तर डी७५०० बघा. त्याचा स्क्रीन वर-खाली कलतो आणि मोटर आहे, पण कार्डाचा स्लॉट एकच.

माझं मत विचाराल, तर उसन्या बॉडीवरची संध्याकाळ चांगली गेली आणि ८०-२०० पिशवीत राहणार असं ठरलं, तर सेकंडहँड डी७२०० घ्या आणि डी५३०० विकू नका. एका बॉडीवर ३५, दुसरीवर ८०-२००, असं स्नेहसंमेलनात उभं राहिलात की लेन्स बदलण्यात एकही प्रसंग निसटणार नाही, आणि कासला फिरत्या स्क्रीनचा डी५३०० न्यायचा. ती लेन्स झेपत नाही असं दिसलं, तर यंदा बॉडी घेऊच नका. ५० ची ‘जी’ आणि एक फ्लॅश घ्या, उरलेले पैसे बाजूला ठेवा, आणि पुढे मिररलेसला जाताना तिथल्याच एका चांगल्या लेन्ससह जा. दोन्ही वाटांवर भावाचं म्हणणं कुठेतरी खरं ठरतं. त्याला आजच हो म्हणायची गरज नाही, इतकंच.

काकांबद्दल तुम्ही लिहिलंय की लेन्स विकायचा विचारही अपराधी वाटतो. एक सुचवते. काकांकडे बसा आणि प्रत्येक लेन्स त्यांनी कशासाठी घेतली, कुठल्या कामाला वापरली, हे विचारा. ज्या माणसानं स्टुडिओ चालवला त्यानं उपकरणं विकली आणि घेतलीही असणार. ८०-२०० तुमच्या हाताला येत नाही हे त्यांना सरळ सांगितलंत, तर ते काय म्हणतील हे तुम्ही मनातल्या मनात ठरवून टाकलंय, त्यांना विचारलेलं नाही. आणि ‘जप’ या सांगण्यात एक अगदी व्यवहाराची बाजू आहे. कृष्णाकाठच्या दमट पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. काकांच्या लेन्स चामडी पाऊचमध्ये असतील तर आधी त्यातून काढा, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून सुकवा, आणि लेन्स महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढून वापरा. आताच एकदा मोबाइलची टॉर्च मागच्या बाजूनं मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले, तर बॉडी ठरवण्याआधी लेन्स साफ करायचा खर्च विचारा. ८०-२०० साफ होण्यापलीकडे गेली असेल, तर सगळा हिशेबच बदलतो.

बॉडी बघायला जाल तेव्हा काकांच्या ५० आणि ८०-२०० सोबत न्या. दुकानाच्या दारातल्या उजेडात नको, आतल्या कोपऱ्यात उभ्या राहून दूरच्या आणि जवळच्या वस्तूवर आळीपाळीनं फोकस करा. मोटर अडखळते का, ते कानालाही कळतं. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून फोटो लिहिला जातो का बघा. अपर्चर १६ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. हलणारी धूळ साफ होते, ओरखडा होत नाही. शटर काउंट, म्हणजे बॉडीनं आजवर किती फोटो काढले तो आकडा, विचारा. डी७२०० आणि डी७५० यांचं शटर दीड लाख फोटोंच्या चाचणीला उतरलेलं आहे, तेव्हा चाळीस-पन्नास हजारांवरची बॉडी घाबरण्यासारखी नाही. सव्वा लाखावरची असेल तर भावात ते दिसायला हवं. बिल आणि बॉडीवरचा सिरीयल नंबर जुळवून घ्या. घरी आणल्यावर एक पथ्य: ५० लावलेली असताना हातानं फोकस करायचा तर बॉडीच्या माउंटजवळचा खटका ‘एम’वर न्या, मगच रिंग फिरवा. नाहीतर रिंग मोटरच्या दात्यांवर जोर करते. ६० वर लेन्सवरही यासाठी वेगळी रिंग आहे, ८०-२०० च्या काही आवृत्त्यांवरही असते.

अशीच पत्रं कॅननवाल्यांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. वरची मोटरची गोष्ट तुम्हाला लागू नाही. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये १९८७ पासूनच मोटर लेन्समध्ये आहे, त्यामुळे कॅननचा अ‍ॅडॅप्टर लावून जुन्या ईएफ लेन्स नव्या आर मालिकेच्या मिररलेसवर ऑटोफोकससह चालतात. तुमच्यासाठी भावाचा सल्ला बराच जास्त बरोबर ठरेल. तुम्ही लेन्सवर ‘ईएफ-एस’ लिहिलंय का ते तपासा. त्या कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. आर मालिकेच्या फुल फ्रेमवर अ‍ॅडॅप्टरनं बसतात, पण चौकट कापली जाते. निकॉनवाल्यांपैकी ज्यांच्या किट लेन्सवर ‘एएफ-पी’ आहे, त्यांनी डी९० सारखी जुनी बॉडी उसनी आणताना लक्षात ठेवा, ती लेन्स तिच्यावर फोकसच करणार नाही. आणि सिग्मा, टॅमरॉन, टोकिना यांच्या निकॉन माउंटच्या जुन्या लेन्समध्येही पुष्कळदा मोटर नसते. विकत घेण्याआधी मागच्या बाजूला ती स्क्रूची खाच आहे का बघा.

ताई, शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत असतात. दिवाळीपर्यंत उसन्या बॉडीची चाचणी उरका, म्हणजे नवी बॉडी हातात रुळायला महिनाभर मिळेल. ८० हजार पुरते बॉडीवर घालवू नका. दुसरी बॅटरी, दोन चांगली कार्डं, फोटोंची प्रत ठेवायला एक हार्ड डिस्क आणि फ्लॅश यांना त्यातूनच वाटा द्या. डी७२०० ची बॅटरी डी५३०० ची नाही, तेव्हा आहेत त्या चालतील असं धरू नका. आणि काकांनी लेन्ससोबत स्टुडिओतला एखादा फार जुना फ्लॅश दिला असेल, तर तो बॉडीवर सरळ लावू नका. फिल्मच्या काळातल्या काही फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज इतका जास्त असतो की डिजिटल बॉडीचं सर्किट जाऊ शकतं. आधी एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून मोजून घ्या.